बॅनरचं तुलाच समजतं

तरुण वयात निष्ठेनं केलेलं कोणतंही काम वाया जात नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या कृषी महाविद्यालयाच्या सभागृहात, सातव्या सत्राच्या सुरुवातीला, खर्चे सरांच्या तोंडून. त्यानंतर ते मी निरनिराळ्या रंगांत, निरनिराळ्या आकारांत आणि निरनिराळ्या थोर माणसांच्या नावावर इतक्यांदा छापलं आहे, की ते खरं असावं असं आता मलाही वाटू लागलंय. निदान ते पावसानं पुसलं जात नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. शाई चांगली आहे.

जुलै निम्मा सरला की माझ्या दुकानाच्या पायरीवर चिखलानं माखलेले बूट उतरवलेले दिसतात. जळगाव जामोदच्या बाजारात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वर्षभर इथं वाढदिवस, नियुक्त्या, अभिनंदनं आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या येत असतात. पण या दिवसांत येणारी पोरं लांबूनच ओळखू येतात. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर महाविद्यालयाची टोपी, आणि चेहऱ्यावर आपण कुणाला तरी काहीतरी शिकवायला निघालो आहोत याचा संकोच. बाहेर सातपुडा इतका हिरवा झालेला असतो, की तो रंग मी जसाच्या तसा छापला तर गिऱ्हाईक "जरा कमी करा" म्हणेल.

"काका, बीजप्रक्रियेचं बॅनर पायजे," मागच्या आठवड्यात एकानं सांगितलं.

मी बत्तीस वर्षांचा आहे. 'काका' पहिल्या वर्षी लागलं होतं. आता लागत नाही.

"पेरणी झाली का गावात?" मी विचारलं. दरवर्षी विचारतो.

"झाली ना काका. सोयाबीन टोंगळ्याले लागलं."

"मग औषध कोणत्या बियाला लावणार?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातला जरा धीट होता तो म्हणाला, "वेळापत्रकात हाय काका."

मी मान डोलावली आणि मापं लिहून घेतली. गुडघ्यापर्यंत आलेलं सोयाबीन आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांच्यात कोण मागं सरतं, हे मला ठाऊक आहे. मी त्याच वेळापत्रकाचा पदवीधर आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुलांना चार महिने खेड्यात पाठवतात. तिथं राहायचं, शेतकऱ्याकडून शिकायचं आणि शेतकऱ्याला शिकवायचं. यातलं शेवटचं जास्त होतं, कारण त्याचा फोटो निघतो. वर्तमानपत्रं या मुलांना 'कृषिदूत' म्हणतात. दूत म्हटला की त्याला कुणीतरी कुणाकडे तरी पाठवलेलं असतं. आम्हा सहा जणांना विद्यापीठानं आमच्याच बापांसारख्या माणसांकडे, त्यांचीच शेती त्यांना समजावून सांगायला पाठवलं होतं.

निघण्याआधी खर्चे सरांनी मार्गदर्शन केलं. ते आमचे समन्वयक. "इंटर्नशिप म्हणजे करिअरची पायाभरणी," ते म्हणाले. "तिचा पुरेपूर फायदा करून घ्या. प्रश्न विचारा. ओळखी वाढवा. रोज डायरी लिहा. आणि बॅनरशिवाय कार्यक्रम करू नका. ज्या कार्यक्रमाला बॅनर नाही, तो कार्यक्रम झालाच नाही." शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी डायरीत पहिली तीन सूत्रं उतरवून घेतली. चूक तिथंच झाली.

मला पायाभरणीची घाई होती, त्याला कारण होतं. देऊळगाव राजाला माझ्या मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं-औषधं विकायच्या परवान्यासाठी दुकानात कृषीचं शिक्षण झालेला माणूस लागणार, असं नुकतंच समजलं होतं. तेव्हापासून माझ्या अभ्यासात मामाला माझ्यापेक्षा जास्त रस होता.

"कशाला नोकरी हुडकायलास?" मामा म्हणायचा. "तू नुसता येऊन बस. डिग्री भिंतीला, तू खुर्चीला. बाकी मी बघतो."

ती खुर्ची मी पाहिलेली होती. पंख्याखाली, युरियाच्या पोत्यांच्या आडोशाला. तिच्यावर बसलेल्या माणसाला तीस वर्षांत कुणी काही विचारलं नसतं. मला एकविसाव्या वर्षी कुणीतरी काहीतरी विचारावं असं फार वाटायचं. सुटकेची वाट एकच दिसत होती. ऑक्टोबरात समारोपाच्या शेतकरी मेळाव्याला एका बियाणे कंपनीचे विभागीय व्यवस्थापक येणार होते, आमच्याच महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी. आमची भाषणं ऐकून सहांतले दोन ते प्रशिक्षणार्थी म्हणून उचलणार होते. कंपनीची मोटारसायकल मिळणार होती. मला त्या दोघांतला एक व्हायचं होतं. चार महिने मी जे जे केलं ते त्या मोटारसायकलकडे बघत केलं.

आमचे यजमान शेतकरी सुखदेवभाऊ. जळगाव जामोदपासून चौदा किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात, बुद्धविहाराच्या मागं त्यांचं घर; परसदाराला लागूनच चार एकर शेत सुरू होतं. घरात ते आणि शांताकाकू. आमच्याआधी त्यांनी कृषिदूतांच्या सहा तुकड्या सांभाळल्या होत्या. आम्ही पाया पडलो तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "पह्यला कोन्ता? बीजप्रक्रिया का मातीपरीक्षन?"

"बीजप्रक्रिया," आम्ही म्हटलं.

ते माळ्यावर चढले आणि एक अर्धं पोतं खाली घेऊन आले. आतलं सोयाबीन डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल होतं. सहा वर्षांची औषधं त्याला चोळलेली होती, एकावर एक. आमचा सातवा थर.

"भाऊ, हे पेरलं नाही?" मी डायरी उघडून विचारलं. प्रश्न विचारायचे होते ना.

"हे पेराचं नाई रे बावा," सुखदेवभाऊ शांतपणे म्हणाले. "हे दाखवाचं हाय. पेराचं म्या मिरगातच पेरलं, औषध लावून. तुमचं विद्यापीठ पीक उगवल्यावर येते, त्याले कोन काय करन?"

मग त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. तो सदराही दाखवायचाच असावा, कारण पुढं चार महिने तो फक्त फोटोत दिसला. आमच्यातल्या दोघांनी बॅनर धरलं. विहारासमोरच्या ओट्यावर दहा-बारा माणसं जमली, त्यांनी उपस्थितीच्या वहीत सह्या केल्या आणि चहा आहे का विचारलं.

"बॅनर वर घ्या जरा. प्राचार्य सायबाचं तोंड दुमडून राह्यलं," भाऊ सांगत होते. "ए पोट्ट्या, हातमोजे घाल. आता म्या वाकतो, तू बोट दाखव."

"कशाकडे?"

"कशाकडेबी. बोट दाखोल्याशिवाय मार्गदर्शन दिसत नाई फोटोत."

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं की कृषिदूतांनी शेतकऱ्यांना बीजप्रक्रियेचे धडे दिले. सुखदेवभाऊंनी ते अंगणात बसून मोठ्यानं वाचलं. "आयकलं का वं," त्यांनी आत हाक मारली, "मले धडे देल्ले पोट्ट्यायनं." आतून काकू म्हणाल्या, "यंदातरी ध्यानात ठेवजा."

आणि कार्यक्रम संपला की आम्ही बॅनर गुंडाळू लागायचो, तेव्हा भाऊ पुढं यायचे. "राहू द्या. म्या ठेवतो." ते बॅनर अंगणात पसरून ओल्या फडक्यानं पुसायचे, सुकवायचे आणि लग्नातल्या शालूसारखी घडी घालून आत न्यायचे. आम्हाला भरून यायचं. आमची आठवण जपणारा माणूस भेटला, असं मी डायरीत लिहिलं आहे. पान सापडलं तर दाखवीन.

त्या पावसाळ्याचं मला काय आठवतं? काळी माती आठवते. शेतात पहिलं पाऊल टाकताना तुम्ही असता त्या उंचीचे असता. वीस पावलांवर तुम्ही चार बोटं उंच झालेले असता आणि दोन्ही पायांना एकेक शेत चिकटलेलं असतं. चहा आठवतो. तिकडचं भूगर्भातलं पाणी खारं. पहिल्या दिवशी काकूंनी दिलेल्या चहात साखर आहे की मीठ हे आम्ही कपाकडे बघत ठरवत होतो. दुसऱ्या महिन्यात घरी गेलो तर आईचा चहा मला अळणी लागला. कपाशीच्या ओल्या पानांचा वास आठवतो, निंबोळ्या कुटताना घशापर्यंत उतरणारी कडवट चव आठवते. सातपुड्याच्या कडेनं उतरणारा वारा आठवतो. तो दुपारी यायचा आणि सगळ्यात आधी बॅनरला भिडायचा. कापडाच्या शिडाचं जहाज मी कधी पाहिलेलं नाही, पण प्राचार्यांसकट फुगलेलं फ्लेक्स धरून मी उभा राहिलेलो आहे.

एक दिवस आम्ही ग्रामपंचायतीसमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. हाही एक कार्यक्रम असतो. गावकऱ्यांनी आपलं गाव आपल्या डोळ्यांनी पाहावं असा त्यामागचा विचार आहे. गावकऱ्यांनी पाहिलंही. माजी सरपंच बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते.

"माह्यं घर एवढंसं काऊन?" त्यांनी विचारलं.

"काका, प्रमाणात आहे ते," मी म्हटलं.

"प्रमान कोन ठरोलं?"

आम्ही निळी रांगोळी घेतली आणि त्यांचं घर शाळेपेक्षा मोठं केलं. ते समाधानानं सही करून गेले. मग काकूंनी डोक्यावरची घागर न उतरवता नकाशावर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हापसा कुठी हाय? गोड्या पान्याचा?" गावात गोड्या पाण्याचा हापसा एकच, निम्मं गाव त्यावर जगत होतं, आणि सहा कृषिदूतांनी मिळून काढलेल्या नकाशात तो नव्हता. आम्ही बाईमाणसांना विचारलंच नव्हतं. हापसा काढायला जागा उरली नव्हती, कारण तिथपर्यंत माजी सरपंचांचं घर आलं होतं. त्या दिवशी डायरीत मी एकच ओळ लिहिली: आकार म्हणजे मान. कृषी विस्तार या विषयात मी शिकलेली ती पहिली गोष्ट, आणि तिनंच पुढं माझं वाटोळं केलं.

काकू आमच्या कोणत्याच फोटोत नाहीत. फोटोच्या वेळी त्या कामात असायच्या. एकदा पाऊस धरून होता, कार्यक्रम रद्द झाला होता, मी ओसरीत बसून काहीबाही वाचत होतो. त्या सुपात तूर पाखडत होत्या. अचानक म्हणाल्या, "बावा, एक इचारू का?"

मी ताठ बसलो. मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

"हे घरामागचा कोपरा हाय ना, तिथं तूर चांगली कंबरेइतकी होते अन् उभ्या उभ्या वाळून जाते. दरसाल. बाकी वावरात नाई. काऊन होत असन?"

मी 'मर' रोगाचं नाव सांगितलं. मग बुरशीचं लॅटिन नावही सांगितलं, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाव असू दे," त्या म्हणाल्या. "कराचं काय?" मी दोन दिवस पुस्तकं उलटली, महाविद्यालयात फोन केला, तिसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की बुरशी मातीत असते, वर्षानुवर्षं राहते, त्या कोपऱ्यात काही वर्षं तूर पेरू नका. त्यांनी मान हलवली. बॅनर नव्हतं, फोटो नव्हता, वहीत सही नव्हती. म्हणजे खर्चे सरांच्या हिशेबानं हा कार्यक्रम झालाच नाही. चार महिन्यांत मी केलेलं खरं मार्गदर्शन तेवढंच.

बाकी वेळ मी बॅनरवर होतो. इतरांना ते काम नको होतं, मी ओळखी वाढवायच्या म्हणून पुढं झालो. दर आठवड्याला एसटीनं जळगाव जामोदला यायचं, रफिकभाईंच्या दुकानात बसायचं, मजकूर सांगायचा, छपाई होईपर्यंत थांबायचं. दुकानात शाईचा वास इतका दाट असायचा की तो अंगावर घेऊनच मी परत जायचो. रफिकभाई पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, चष्मा कपाळावर. मी पहिल्या दिवशी त्यांना बीजप्रक्रियेचे सहा फायदे छापायला दिले.

"हे कोण वाचणार बेटा?" त्यांनी विचारलं.

"शेतकरी."

"शेतकऱ्याले माहीत हाय. साहेब लोक फक्त आपला फोटो पाहतात. फोटो का साइज मतलब इज्जत का साइज." त्यांनी सहा फायद्यांचे दोन केले आणि त्या जागी प्राचार्य मोठे केले. कार्यक्रमानंतर खर्चे सरांनी पाठ थोपटली. "आज बॅनर बोलत होतं," ते म्हणाले.

हळूहळू मला त्याची गोडी लागली. अधिष्ठाता कुठं, प्राचार्य कुठं, समन्वयक किती खाली, आयोजक मुलांची नावं किती बारीक करता येतात. एखाद्याला मधोमध घेतलं की तो कसा उजळतो आणि कडेला घेतलं की त्याचा मेहुणासुद्धा कसा फोन करतो. पोथ्या-पुराणांतल्या देवांच्या उतरंडी मी वाचल्या होत्या. पण मान नक्की कसा वाटला जातो हे मला रफिकभाईंच्या पडद्यावर समजलं. माझी स्वतःची भर एवढीच, की मी बॅनरच्या कडेला दोरी ओवायच्या चारऐवजी आठ रिंगा मारायला लावायचो. सातपुड्याच्या वाऱ्यात चार पुरत नव्हत्या.

"आठ कशाला?" रफिकभाई कुरकुरायचे.

"प्राचार्य फाटतात, भाई."

मग ते मारायचे.

ऑक्टोबर आला. कपाशी फुटली होती, सकाळी ओसरीतल्या फरशीला गारवा येऊ लागला होता. मेळाव्यात प्रमुख मार्गदर्शन माझं होतं: कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं व्यवस्थापन. आठ दिवस मी ते भाषण लिहिलं. शेतात जाऊन बोंडं फोडून पाहिली, सुखदेवभाऊंना चार प्रश्न विचारले, त्यांनी दोन उत्तरं दिली आणि दोन वेळा हसले. ते चारही भाषणात घातले. भाषण खरोखर चांगलं होतं. हे मी म्हणत नाही, पुढं ज्यानं ते वाचलं त्याच्या पगारानं सिद्ध केलं.

आणि मी बॅनर केलं. समारोपाचं, सहा बाय चारचं. इथं माझ्यातला विद्यार्थी आणि माझ्यातला उमेदवार एकत्र आले. संधीचा पुरेपूर फायदा घ्या असं सांगितलेलं होतं. मी फक्त बोटभर घेतला. कंपनीच्या व्यवस्थापकांचा फोटो मी प्राचार्यांपेक्षा बोटभर मोठा केला. त्यांच्या ते लक्षात येईल, ते विचारतील बॅनर कुणी केलं, असं मला वाटलं होतं.

लक्षात आलं ते खर्चे सरांच्या, मेळाव्याच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता, मांडवात.

"प्राचार्य लहान?" ते म्हणाले. एवढंच.

"सर, पाहुणे बाहेरचे आहेत, म्हणून…"

"पाहुणे अकराला येतील आणि जातील. प्राचार्य राहणार आहेत. आत्ताच्या आत्ता दुसरं घेऊन ये."

"सर, साडेअकराला माझं भाषण आहे."

"भाषण कुणीही वाचेल," खर्चे सर म्हणाले. "बॅनरचं तुलाच समजतं."

माझा खोलीतला जोडीदार निलेश शेजारी उभा होता. मी भाषणाचे कागद त्याच्या हातात दिले, सुखदेवभाऊंची मोटारसायकल घेतली आणि निघालो. चौदा किलोमीटर. दोन्ही बाजूंना पांढरी कपाशी. मी मनातल्या मनात भाषण म्हणत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला एक मुद्दा गळत होता.

दुकानात रफिकभाई एकटेच. त्यांचा ऑपरेटर आदल्या दिवशी काम सोडून गेला होता, आणि वीजही गेलेली होती.

"तोंड काऊन उतरलं, बेटा?"

"नोकरी चालली, भाई."

"कुठं?"

"आता मांडवात असेल."

वीज आली ती साडेअकराला. नेमक्या माझ्या भाषणाच्या वेळी मी रफिकभाईंच्या पडद्यासमोर बसून, स्वतःच्या हातानं, प्राचार्यांना मोठं करत होतो. चार महिने पाहून पाहून सगळं येत होतं. व्यवस्थापकांना बोटभर लहान केलं. रफिकभाई चष्मा कपाळावर चढवून मागं उभे होते. "हात बसला हाय तुहा," ते म्हणाले. आठ रिंगा मारून घेतल्या.

परत पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. मांडवात खुर्च्यांच्या उतरंडी लागल्या होत्या. निलेश हातात पुष्पगुच्छ घेऊन उभा होता, तो मागं लपवावा की नाही हे न कळून.

"झालं बे," तो म्हणाला. "दोघं घेतले. म्या अन् पवन." पवन हा आमच्याच गटातला, तो चांगला गातो.

"भाषण?"

"तुह्या कागदावरूनच वाचलं. सायबाले लय आवडलं. त्यायनं इचारलं, हे तूच लिह्यलं का?"

"मग?"

"हाव म्हनलो बे. माईक चालू होता."

तेवढ्यात सरांनी शिटी वाजवली. सकाळचा मेळावा बॅनरशिवाय झाला होता, म्हणजे झालाच नव्हता. तो आता पुन्हा करायचा होता. घरी गेलेली माणसं बोलावून आणली, खुर्च्या मांडल्या, सत्काराचे नारळ ज्यांना दिले होते त्यांच्याकडून परत आणून पुन्हा दिले. प्रश्न एकच होता: व्यवस्थापक निघून गेले होते. शेवटी त्यांच्या खुर्चीवर सुखदेवभाऊंना बसवलं, कॅमेऱ्याकडे पाठ करून, खांद्यावर सरांचा कोट टाकून. काकू मांडवाच्या दारातून पाहत होत्या. "निरा सायब दिसून राह्यले," त्या म्हणाल्या. "पाठीमागून." आणि मी माइकसमोर उभा राहिलो, कागद नसलेला हात उंचावून, एक बोट दाखवत. अहवालात तो फोटो आहे. त्यात मी मार्गदर्शन करताना दिसतो.

संध्याकाळी सुखदेवभाऊंनी बॅनर सोडवलं, पुसलं, घडी घातली. "हे लय मजबूत हाय," ते म्हणाले. ते माझं सांत्वन करत आहेत असं मला वाटलं.

पुढची हकिगत थोडी आहे. परीक्षा झाली, पदवी मिळाली, मामाचे फोन सुरू झाले. "खुर्ची पुसून ठेवलीया. कधी यायलास?" मी बॅग भरत होतो तेव्हा रफिकभाईंचा फोन आला की ऑपरेटर अजून मिळालेला नाही, दोन महिने बसतोस का. मी दोन महिने बसलो. रफिकभाईंनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, मग दुकान हळूहळू माझ्याकडेच आलं. ते आता दुपारी येतात आणि मी मजकूर वाढवला की रागावतात. मामानं माझी वाट पाहून शेवटी स्वतःच दुकानदारांसाठीचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला, छप्पन्नाव्या वर्षी, पहिल्या वर्गात. त्याच्या सत्काराचं बॅनर मीच छापलं. मामाचा फोटो त्यानं सांगितला तेवढा मोठा केला. पालकमंत्री कसेबसे मावले.

निलेश कंपनीत वर चढला. त्याची सगळी बॅनर माझ्याकडे येतात. तो दर हंगामाला तेच भाषण करतो. एवढ्या वर्षांत बोंडअळीनं आपल्या बऱ्याच सवयी बदलल्या. भाषण तेच आहे. "बदल की बे एकदा," मी म्हणतो. तो म्हणतो, "तूच लिहून दे." मी अजून दिलेलं नाही. माणसानं काहीतरी राखून ठेवावं.

आता या वर्षीचं. मापं देऊन गेलेल्या त्या पोरांचा दोन दिवसांनी फोन आला. नाल्याला पूर, एसटी बंद, उद्या सकाळी कार्यक्रम, सर येणार. "काका, बॅनर नाई तं…" पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, मुक्काम कुणाकडे? तो म्हणाला, "सुखदेवभाऊकडे."

बाजाराच्या दिवशी भाऊ कधी कधी भेटतात, पण गावात मी त्या ऑक्टोबरनंतर गेलो नव्हतो. बॅनर छापणाऱ्याला कार्यक्रमाला जावं लागत नाही, हा या धंद्यातला एक मोठा फायदा आहे. सकाळी पाणी उतरल्यावर मोटारसायकल काढली. माझ्या मालकीची, कंपनीची नव्हे. भुरभुर पाऊस होता. अंगणात सहा पोरं, पांढरे शर्ट, आणि मधोमध ते पोतं. बियाणं आता लाल राहिलेलं नव्हतं. जवळजवळ काळं झालं होतं. भाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात.

"ये सायब," ते म्हणाले. "यायले जरा बोट दाखवाचं शिकोजो."

काकू थकल्या आहेत, पण आवाज तसाच. चहा तसाच खारट. मी एवढी वर्षं एक गोष्ट विचारायची ठेवली होती. "काकू, त्या कोपऱ्यातली तूर अजून वाळते का हो?"

"नाई," त्या म्हणाल्या. "तू सांगतलं ना, तिथं तूर नोको पेरू. आयकलं म्या."

मला एकदम फार बरं वाटलं. अकरा वर्षांनी का होईना, माझं एक मार्गदर्शन एका माणसानं पाळलं होतं. "मग काय पेरता तिथं?"

"काई नाई. गोठा बांधला. चाल, दाखोतो."

परसदारातून आम्ही मागं गेलो. तुराट्यांच्या भिंती, बांबूचे वासे, आणि वर छप्पर. मी खाली उभा राहून वर पाहिलं. बीजप्रक्रिया होती. माती परीक्षण होतं. वृक्षारोपण, निंबोळी अर्क, दोन वेगवेगळे प्राचार्य, खर्चे सर चार ठिकाणी. एकाला एक शिवलेली, सुतळीनं बांधलेली, निरनिराळ्या तुकड्यांची बॅनर. दरवर्षी कृषिदूत का ठेवून घेता, हे आम्ही भाऊंना कधी विचारलंच नव्हतं. डायरीत तेवढा एक प्रश्न राहून गेला होता.

"बाकीची दोन-तीन सालात उडतेत," भाऊ मागून म्हणाले. "चारच रिंगा ना. तुहं ते अजून हाय. थे पाह्य, कोपऱ्यात."

ते होतं. सहा बाय चार, शेतकरी मेळावा व समारोप. प्राचार्य मोठे, व्यवस्थापक बोटभर लहान, आणि अगदी खाली, आयोजकांच्या ओळीत, मी वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात. आठही रिंगा शाबूत.

पाऊस वाढला. गोठ्यात दोन ठिकाणी गळत होतं. माझ्या बॅनरखाली कोरडं होतं, आणि तिथं एक शेळी आपली दोन पिल्लं घेऊन बसली होती.